दहा सेंटिमीटरची दुर्बीण आणि दीड टक्क्याची घट : एचडी २०९४५८ या ताऱ्याचे प्रकरण

ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास मुंबईतल्या एखाद्या गच्चीवर उताणे पडून पाहिले, तर भाद्रपदा चौकोन डोक्याच्या जरा पूर्वेला दिसतो आणि त्या चौकोनाच्या पश्चिमेला, जवळजवळ थेट खस्वस्तिकावर, म्हणजे अगदी डोक्यावरच्या बिंदूपाशी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा ७.६५ प्रतीचा एक तारा असतो. ताऱ्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर-दक्षिण अंतर) आणि मुंबईचे अक्षांश हे दोन्ही १९ अंशांच्या आसपास असल्यामुळे हा योग दरवर्षी जुळून येतो. साध्या द्विनेत्रीतूनही हा तारा टिपता येतो, मात्र तिथे पाहण्यासारखे काही नसते. शेजारच्या इतर ठिपक्यांसारखा तोही एक ठिपका. हेन्री ड्रेपर (एचडी) या ताऱ्यांच्या यादीतला त्याचा क्रमांक २०९४५८. तो सूर्यापेक्षा थोडा मोठा आणि थोडा अधिक तप्त आहे, आपल्यापासून सुमारे १५७ प्रकाशवर्षे दूर आहे, आणि दर साडेतीन दिवसांनी सुमारे तीन तासांसाठी त्याचा प्रकाश जेमतेम दीड टक्क्याने उतरतो.

ही घट पहिल्यांदा सप्टेंबर १९९९ मध्ये मोजली गेली. मोजणारी दुर्बीण दहा सेंटिमीटर व्यासाची होती, म्हणजे आपल्याकडच्या अनेक हौशी आकाशनिरीक्षकांच्या दुर्बिणींपेक्षाही लहान, आणि ती उभी होती अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी एका संशोधन संस्थेच्या पार्किंगच्या जागेत. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून दुसऱ्या सूर्यमालेतला महाग्रह सरकताना माणसाने पाहिल्याची ही पहिली नोंद. मोठमोठ्या वेधशाळा उपलब्ध असताना हे काम इतक्या छोट्या साधनाने कसे झाले, आणि प्रकाशातली एवढीशी घट ग्रहामुळेच झाली हे कशावरून ठरले, या दोन प्रश्नांसाठी हे प्रकरण तपशिलात पाहण्याजोगे आहे.

पूर्वपीठिका

ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा होणाऱ्या घटनेला मराठीत अधिक्रमण म्हणतात. ८ जून २००४ रोजी महाराष्ट्रात अनेकांनी शुक्राचे अधिक्रमण पाहिले. त्या दिवशी सूर्यबिंबावरून सरकणाऱ्या काळ्या टिकलीने सूर्यप्रकाशाचा सुमारे ०.१ टक्का भाग अडवला होता, आणि उन्हात उभ्या असलेल्या कोणालाही ते जाणवले नव्हते. शुक्र आपल्या जवळ असल्यामुळे तो बिंबावर निदान दिसतो तरी. दूरच्या ताऱ्याचे बिंबच दिसत नाही, त्यामुळे तिथे काळी टिकली पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हाती येते ती फक्त एकूण प्रकाशातली घट. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोर आला, तर त्रिज्यांचे गुणोत्तर साधारण एकास दहा असल्याने ही घट एक टक्क्याच्या आसपास भरते.

हा हिशेब काही नवा नव्हता. खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्येच एका छोट्या टिपणात सुचवले होते की, ताऱ्याला अगदी खेटून फिरणारे महाग्रह असू नयेत असे कोणतेही कारण नाही, असे ग्रह ताऱ्याच्या अरीय वेगातल्या, म्हणजे आपल्याकडे येण्याच्या किंवा आपल्यापासून दूर जाण्याच्या वेगातल्या, बदलावरून शोधता येतील, आणि त्यांची कक्षा अनुकूल असेल तर ग्रहणेही लागतील. ही सूचना चार दशके जवळजवळ पडून राहिली. महाग्रह ताऱ्यापासून दूर, गुरू-शनीसारखे सावकाश फिरणारेच असणार, ही समजूत इतकी पक्की होती की, चार दिवसांत ताऱ्याभोवती फेरी मारणारा महाग्रह शोधायला जावे असे कोणाला फारसे वाटलेच नाही. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिये केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवती नेमका तसाच ग्रह असल्याचे जाहीर केले, तेव्हा कुठे ही समजूत मोडली. पुढे २०१९ मध्ये त्या दोघांना या कामासाठी नोबेल मिळाले, पण १९९७ सालचे वातावरण वेगळे होते. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रे यांनी तेव्हा असा मुद्दा मांडला की, ५१ पेगासीच्या वर्णरेषांचे (वर्णपटातल्या ज्या रेषांवरून अरीय वेग मोजतात त्यांचे) सरकणे ग्रहामुळे नसून ताऱ्याच्या स्वतःच्याच स्पंदनांमुळे असावे. नव्या निरीक्षणांनंतर पुढच्याच वर्षी त्यांनी तो मुद्दा मागे घेतला. तरीही एक अडचण शिल्लक राहिली, आणि ती पद्धतीतच होती.

अरीय वेगाची पद्धत ग्रह दाखवत नाही; ग्रहाच्या ओढीने तारा किती डुलतो एवढेच ती सांगते. कक्षा आपल्याकडे कडेने आहे की तिरकी, हे तिला कळत नाही. त्यामुळे तिच्यातून मिळते ते वस्तुमान नसून वस्तुमानाची खालची मर्यादा असते. तत्त्वतः एखादी कक्षा जवळजवळ आपल्या समोर उघडी पसरलेली असली, तर ज्याला आपण ग्रह म्हणतो आहोत तो प्रत्यक्षात तपकिरी बटू (ग्रहाहून जड, पण तारा होण्याइतके वस्तुमान नसलेला गोळा) किंवा छोटा तारासुद्धा असू शकतो. ग्रहाचा आकार तर या पद्धतीतून अजिबातच मिळत नाही, आणि आकार नाही म्हणजे घनता नाही. असा ग्रह वायूचा आहे की खडकाचा, या साध्या प्रश्नालाही १९९९ च्या उन्हाळ्यापर्यंत निरीक्षणातून आलेले उत्तर नव्हते.

ताऱ्याची निवड

या प्रकरणाचा निम्मा निकाल खरे तर दुर्बीण रोखण्याआधीच लागला होता. एचडी २०९४५८ हा तारा डुलतो आहे, हे दोन स्वतंत्र गटांच्या लक्षात आले होते. एका गटात त्झेव्ही माझेह, डेव्हिड लॅथम आणि जिनिव्हाचे मेयर-केलो यांच्यासारखे संशोधक होते. दुसऱ्या गटात जेफ्री मार्सी, पॉल बटलर, स्टीव्हन व्होग्ट आणि प्रकाशमापनासाठी ग्रेग हेन्री होते. ताऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ८५ मीटरने कमी-जास्त होत होता आणि आवर्तन साडेतीन दिवसांचे होते. इतक्या जवळच्या कक्षेचा एक मोठा फायदा असा की, अधिक्रमण दिसण्याची शक्यता ताऱ्याची त्रिज्या भागिले कक्षेची त्रिज्या एवढी असते. इथे कक्षेची त्रिज्या ०.०४७ खगोलीय एकक, म्हणजे सुमारे ७० लाख किलोमीटर, आणि ताऱ्याची सुमारे ८ लाख किलोमीटर. शक्यता दहात एक. गुरूसारख्या दूरच्या ग्रहासाठी हीच शक्यता हजारात एकाच्याही खाली जाते.

दहात एक हे प्रमाण जुगाराच्या मानाने वाईट नाही, पण असे तारे तोवर मोजकेच माहीत होते आणि त्यांच्यातल्या अनेकांची तपासणी होऊन हाती काही आलेले नव्हते. खुद्द ५१ पेगासीच्या प्रकाशात अधिक्रमणाची खूण सापडलेली नव्हती. डेव्हिड शार्बोनो तेव्हा हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत होते आणि बोल्डरला टिमथी ब्राऊन यांच्याबरोबर काम करत होते. ब्राऊन यांनी तिथे ‘स्टेअर’ नावाची छोटी दुर्बीण उभारली होती. तिचा मूळ हेतू आकाशाच्या रुंद पट्ट्यातल्या हजारो ताऱ्यांवर एकाच वेळी नजर ठेवून अधिक्रमणे आंधळेपणाने शोधण्याचा होता. लॅथम यांच्याकडून एचडी २०९४५८ चे नाव आणि डुलण्याची वेळ कळल्यावर हाच व्याप एका ताऱ्यापुरता मर्यादित झाला. कोणता तारा पाहायचा आणि केव्हा पाहायचा, ही दोन्ही उत्तरे आधीच हातात असल्यावर दुर्बिणीचा व्यास दुय्यम ठरतो, हे माझ्या मते या प्रकरणाचे मर्म आहे. ‘छोट्या दुर्बिणीने मोठा शोध’ अशी गोष्ट सांगताना बऱ्याचदा हा भाग गाळला जातो. त्या छोट्या दुर्बिणीच्या मागे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून त्याचे डुलणे मोजणाऱ्या जगातल्या अव्वल वर्णपटमापकांची तयारी उभी होती.

दोन रात्री

९ सप्टेंबर १९९९ च्या रात्री आणि पुन्हा १६ सप्टेंबरच्या रात्री तारा मंदावला. या दोन तारखांमधला सात दिवसांचा फरक योगायोगाचा नाही. ग्रहाची फेरी ३.५२४७ दिवसांची असल्याने दोन फेऱ्यांना ७.०५ दिवस लागतात, म्हणजे सात दिवस आणि वर सुमारे सव्वा तास. नऊ तारखेला घड्याळात ज्या वेळी घट सुरू झाली, त्याहून साधारण सव्वा तास उशिरा ती सोळा तारखेला सुरू व्हायला हवी होती. मधले अधिक्रमण बोल्डरमध्ये दिवस असताना झाले, त्यामुळे ते दिसणे शक्यच नव्हते. फेरी नेमकी साडेतीन दिवसांच्या जवळ असल्याचा हा तोटा पुढेही निरीक्षकांना जाणवत राहिला: एका गावातून एक अधिक्रमण दिसले की पुढचे हुकते.

जमिनीवरून दीड टक्क्याचा फरक पकडणे अवघड वाटते, कारण वातावरण सतत हलते, पातळ धूसर ढग येतात, आणि तारा क्षितिजाकडे झुकू लागला की त्याचा प्रकाश अधिकाधिक जाड हवेतून यावा लागतो. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. एकाच चित्रात असलेल्या शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची. ढगाने आपला तारा मंदावला तर शेजारीही मंदावतील; फक्त आपलाच मंदावला तर कारण वातावरणाबाहेरचे आहे. या बाबतीत स्टेअरचे लहानपण तिच्या पथ्यावर पडले. तिचे दृष्टिक्षेत्र सुमारे सहा अंश रुंद, म्हणजे शेजारी-शेजारी ठेवलेल्या बारा पूर्णचंद्रांएवढे होते, त्यामुळे तुलनेला चांगले तेजस्वी तारे त्याच चित्रात सापडत. मोठ्या दुर्बिणीचे क्षेत्र अरुंद असते, तिच्यात ७.६५ प्रतीचा तारा एक तर संवेदकाला भारी होतो किंवा त्याच्या तोडीचा शेजारी चित्रात मिळत नाही.

प्रकाशही पुरेसा होता. ढोबळ हिशेब असा की, या तेजाच्या ताऱ्याचे मिनिटाला दहा लाखांच्या घरात प्रकाशकण दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून संवेदकावर नोंदले जातात. मोजणीतली अटळ सांख्यिकी चूक या आकड्याच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे हजार, टक्केवारीत ०.१. दीड टक्क्याच्या घटीपुढे ती किरकोळ आहे. प्रत्यक्षात वातावरणामुळे चूक याहून वाढते, आणि सोळा तारखेच्या आलेखात तारा कलू लागल्यावर बिंदू विस्कटत गेलेले दिसतात, तरी घटीचा खळगा त्यांत हरवत नाही.

प्रकाशवक्राचे वाचन

प्रकाश आणि वेळ यांच्या आलेखाला प्रकाशवक्र म्हणतात. या ताऱ्याचा प्रकाशवक्र आधी सपाट आहे, मग सुमारे २५ मिनिटांत तो खाली उतरतो, तळाशी हलकासा गोलाकार होतो आणि तीन तासांनी पुन्हा मूळ पातळीवर येतो.

तीन तासांचा कालावधी पडताळून पाहता येतो. कक्षेचा परीघ सुमारे ४.४ कोटी किलोमीटर, तो ३.५२ दिवसांत पुरा करायचा, तर ग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे १४५ किलोमीटर येतो. ताऱ्याचा व्यास १६ लाख किलोमीटर धरला, तर बिंब ओलांडायला ग्रहाला तीन तास लागतात. वर्णपटातून काढलेली कक्षा आणि प्रकाशमापनातून मोजलेला कालावधी एकमेकांना ओळखत नसतानाही एकच उत्तर देतात. शिवाय घटीची वेळही अरीय वेगाच्या वक्राने वर्तवलेल्या क्षणाशी जुळत होती.

तळ गोलाकार का, याला स्वतंत्र कारण आहे. सूर्याचे छायाचित्र नीट पाहिले तर बिंबाचा मध्य उजळ आणि कड मंद दिसते, कारण मधोमध आपली नजर अधिक खोल आणि तप्त थरापर्यंत पोहोचते. ग्रह मध्याजवळ असताना उजळ भाग झाकला जातो आणि घट थोडी जास्त भरते. म्हणूनच घट १.६ टक्के दिसली, तरी क्षेत्रफळांचे खरे गुणोत्तर १.५ टक्क्याच्या आसपास निघते. त्याचे वर्गमूळ ०.१२. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १.१ पट धरली, तर ग्रहाची त्रिज्या गुरूच्या १.२७ पट येते. पहिल्या शोधनिबंधात हाच आकडा आहे. या सगळ्या साखळीतला कच्चा दुवा ताऱ्याची त्रिज्या हा आहे: प्रकाशवक्र फक्त गुणोत्तर देतो, किलोमीटर देत नाही, आणि ताऱ्याच्या आकारात चूक असेल तर ती जशीच्या तशी ग्रहाच्या आकारात उतरते. पुढे ताऱ्याची त्रिज्या १.१५ च्या जवळ ठरली आणि ग्रह १.३५ पर्यंत वाढला, तो याच दुव्यामुळे.

उतरण्याचा उतार आणि कालावधी यांवरून कक्षेचा कल ८७ अंशांच्या जवळपास आला (९० अंश म्हणजे कक्षा आपल्याकडे अगदी कडेने). त्यामुळे वस्तुमानाची खालची मर्यादा आणि खरे वस्तुमान यांतला फरक जवळजवळ मिटला, गुरूच्या ०.६३ पट हा आकडा आता नुसती मर्यादा राहिला नाही. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही मिळाल्यावर घनता निघाली: घनसेंटिमीटरला सुमारे ०.३८ ग्रॅम. शनीची घनता ०.६९ आहे. हा ग्रह खडकाचा किंवा लोखंडाचा गोळा असण्याची शक्यता तिथेच संपली.

दुसरे काही असू शकले असते का?

प्रकाशातली घट हा स्वतःहून ग्रहाचा पुरावा नसतो, आणि या शाखेत काम करणाऱ्यांना हे ठेचा खाऊनच कळले आहे. गुरू, तपकिरी बटू आणि सर्वांत लहान तांबडे बटू तारे या तिघांच्या त्रिज्या जवळपास सारख्या असतात. वस्तुमानात मात्र ऐंशी-शंभर पटींचा फरक असू शकतो. केवळ प्रकाशवक्र पाहून त्यांना वेगळे करता येत नाही. एकमेकांना ग्रहण लावणारे जोडतारे कडेकडेने घासून गेले तरी उथळ घट दिसते, पण तिचा आकार जवळजवळ सपाट तळाचा नसून टोकदार असतो. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे मागे दूर असलेला मंद जोडतारा समोरच्या तेजस्वी ताऱ्याच्या प्रकाशात मिसळून जाणे. त्याची खोल घट त्या उजेडात विरघळून एक-दोन टक्क्यांची भासते.

एचडी २०९४५८ च्या बाबतीत या सर्व शंकांचे निरसन ८५ मीटर प्रति सेकंद या एका आकड्याने होते. समोर तांबडा बटू फिरत असता, तर तारा सेकंदाला अनेक किलोमीटर वेगाने डुलला असता. आणि उलट दिशेने, डुलणे हे ताऱ्याचेच स्पंदन असावे या जुन्या शंकेला प्रकाशवक्राने उत्तर दिले, कारण स्पंदनामुळे ठरलेल्या क्षणी तीन तासांचा जवळजवळ सपाट तळाचा खळगा पडत नाही.

दोन गट, एक अंक

हेन्री यांनी ॲरिझोनातल्या ०.८ मीटरच्या स्वयंचलित दुर्बिणीने ७ नोव्हेंबरच्या रात्री याच ताऱ्याचा प्रकाश उतरताना टिपला. तारा मावळतीकडे झुकल्याने त्यांना घटीची फक्त सुरुवात मिळाली, पूर्ण अधिक्रमण नाही. घोषणा मात्र त्यांच्या गटाने आधी, १२ नोव्हेंबरला केली. बोल्डरची निरीक्षणे दोन महिने आधीची आणि दोन पूर्ण घटनांची होती. दोन्ही शोधनिबंध अखेर ॲस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्सच्या जानेवारी २००० च्या एकाच अंकात पाठोपाठ छापले गेले. श्रेय कोणाचे यावर बरीच शाई खर्च झाली आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या दुर्बिणींनी आणि वेगळ्या माणसांनी तीच घट पाहिली. पहिल्याच प्रकरणाला इतका भक्कम दुजोरा मिळाल्यामुळे ‘उपकरणाचा दोष असेल’ हे म्हणायला कोणालाच जागा उरली नाही.

त्याहून विलक्षण गोष्ट जुन्या दप्तरात निघाली. युरोपचा हिपार्कोस उपग्रह १९८९ ते १९९३ या काळात ताऱ्यांची स्थाने मोजत होता आणि ओघात त्यांचे तेजही नोंदवत होता. त्याने एचडी २०९४५८ कडे ८९ वेळा पाहिले होते, आणि त्यांतल्या काही नोंदी पाच वेगवेगळ्या अधिक्रमणांच्या वेळी पडल्या होत्या. यादी १९९७ मध्येच सर्वांसाठी खुली झाली होती. घट तिथे होती. पण ८९ विखुरलेल्या बिंदूंमधले चार-पाच खाली आलेले बिंदू, फेरीचा काळ माहीत नसताना, निव्वळ मोजणीतली चूक वाटतात. काळ कळल्यावर मात्र त्याच नोंदींनी आठ-नऊ वर्षांचा जुना दुवा मिळवून दिला आणि ग्रहाची फेरी सेकंद-दोन सेकंदांच्या अचूकतेने ठरली.

पुढे काय उलगडले

एप्रिल-मे २००० मध्ये हबल दुर्बिणीने चार अधिक्रमणे पाहिली. दहा हजारांत एक एवढ्या अचूकतेचा तो प्रकाशवक्र आजही पाहण्यासारखा आहे. त्यावरून ग्रहाभोवती मोठी कडी नाहीत आणि पृथ्वीच्या १.२ पट त्रिज्येपेक्षा मोठा चंद्रही नाही, हे ठरवता आले. त्याच निरीक्षणांतून शार्बोनो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सोडियम शोधला: सोडियमच्या पिवळ्या रेषेत ग्रह किंचित मोठा भासतो, कारण त्याच्या वातावरणातला सोडियम तेवढाच रंग अडवतो. हा जादा अडथळा ०.०२३ टक्क्यांचा होता, आणि परक्या सूर्यमालेतल्या ग्रहाच्या वातावरणातला तो पहिला ओळखलेला घटक. २००३ मध्ये अल्फ्रेड विडाल-मादजार यांच्या गटाला अतिनील प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषेत सुमारे १५ टक्के घट दिसली. ग्रहाभोवती निसटत चाललेल्या हायड्रोजनचा प्रचंड फुगारा आहे, असा तिचा अर्थ लावला गेला. २००५ मध्ये स्पिट्झर या अवकाशातल्या अवरक्त दुर्बिणीने ग्रह ताऱ्यामागे दडण्याची वेळ साधून त्याची स्वतःची उष्णता मोजली.

उलटा मार्ग, म्हणजे आधी घट आणि मग डुलणे, हा किती खडतर आहे हे लवकरच कळले. चिलीतल्या लास कॅम्पानास येथील १.३ मीटर दुर्बिणीवरच्या ‘ओगल’ मोहिमेने २००२ मध्ये अधिक्रमणासारखी घट दाखवणारे ५९ उमेदवार जाहीर केले. त्यांतले बहुतेक जोडतारे निघाले. ओगल-टीआर-५६ हा एक टिकला, आणि जानेवारी २००३ मध्ये मासिए कोनात्स्की, गिलेर्मो टोरेस, सौरभ झा आणि दिमितार सासेलोव्ह यांनी केक दुर्बिणीवरच्या मापनांनिशी तो ग्रह असल्याचे जाहीर केले. अधिक्रमणातून आधी सापडलेला हा पहिला ग्रह. फेरी अवघ्या १.२ दिवसांची, अंतर सुमारे ५,००० प्रकाशवर्षे. हा मार्ग खडतर का, याचे कारण उघड आहे: असे तप्त महाग्रह सूर्यासारख्या शंभर-दोनशे ताऱ्यांमागे एखाद्याकडेच असतात, त्यांतल्या दहापैकी एकाचीच कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत येते, म्हणून हजार-दोन हजार तारे चाळल्यावर एक सापडतो आणि तोवर कितीतरी तोतये हाताशी आलेले असतात.

आज घट शोधण्याचे काम ‘टेस’सारखे उपग्रह करतात आणि खातरजमा जमिनीवरच्या वर्णपटमापकांकडे येते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या गुरुशिखरावर १.२ मीटर दुर्बिणीला जोडलेल्या ‘पारस’ वर्णपटमापकाने २०२१ मध्ये टीओआय-१७८९ या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाची अशीच खातरजमा केली. त्याचे वस्तुमान गुरूच्या ०.७ पट, त्रिज्या १.४ पट आणि फेरी ३.२ दिवसांची आहे. एचडी २०९४५८ च्या ग्रहाशेजारी हे आकडे मांडले तर दोघे सख्खे भाऊ शोभावेत. दोघेही त्यांच्या वस्तुमानाच्या मानाने फुगलेले आहेत. ताऱ्याच्या निकट असल्याने ते तापतात हे खरे, पण केवळ वरून मिळणाऱ्या उष्णतेने ग्रह इतका फुगत नाही. ती उष्णता आत खोलवर कशी पोहोचते, वाऱ्यांमुळे, चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युत्प्रवाहांमुळे की आणखी कशाने, यावर १९९९ च्या त्या पहिल्या घनतेपासून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.